मासळीचा उसना रंग

अचलपूरहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी जवळजवळ पाचशे किलोमीटर दूर आहे. तरीही तो वऱ्हाडात येतोच. सुकट, जवळा, सोडे, बोंबील अशा रूपांनी गोणीत भरून येतो. यातली मूठभर सुकट घेऊन उजेडात नीट पाहिली, तर तिच्यावर एक केशरी-गुलाबी झाक दिसते. फोडणीत टाकली की तेलही केशरी होते. ही झाक समुद्रातून आली हे खरे. पण ज्या झिंग्याच्या अंगावर आपण ती पाहतो, त्या झिंग्याने ती मुळापासून तयार केलेली नाही. तो रंग त्याने अन्नातून घेतला. झिंग्याला खाणारा मासा त्याच्याकडून घेतो, आणि माशाला खाणारा पक्षी माशाकडून. ही उसनवारी मागे मागे शोधत गेलो, तर आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांपाशी आणि शेवाळापाशी येऊन पोचतो.

आज तळ्यात वा पिंजऱ्यात वाढवलेल्या माशांना आणि कोळंबीला हा रंग खाद्यातून द्यावा लागतो, कारण तळ्यात ती साखळी पुरी नसते. तो कारखान्यात बनवलेला द्यावा की सूक्ष्मजीवांकडून मिळवावा, हा मत्स्यशेतीतला एक महत्त्वाचा प्रश्न आहे. गंमत अशी की ज्या लाल सूक्ष्मजीवांकडे आज आशेने पाहिले जाते, त्यांतल्या काहींची माणसाशी पहिली ओळख मासळीचा नाश करणारे शत्रू म्हणून झाली. म्हणून आपण सुरुवात तिथूनच करू.

लाल पडलेला कॉड

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्लॉस्टर हे मासेमारीचे जुने बंदर आहे. तिथला मुख्य व्यापार खारवलेल्या कॉड माशाचा. सन १८७८च्या उन्हाळ्यात तिथल्या गोदामांतला कॉड लाल पडू लागला. मीठ भरपूर लावलेले असूनही मासा लाल होतो, पुढे त्याला वास सुटतो, आणि गिऱ्हाईक तो घेत नाही. हा प्रश्न हार्वर्ड विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फार्लो यांच्याकडे आला. त्यांनी मासा पाहिला, गोदामाच्या लाकडी भिंती पाहिल्या, आणि शेवटी मीठही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. स्पेनमधील काडीझहून येणाऱ्या सागरी मिठात त्यांना तेच लाल कण सापडले. म्हणजे मासा टिकावा म्हणून जे लावायचे, त्यातूनच तो बिघडवणारा जीव येत होता!

फार्लोंनी या जीवाला शैवालासारखी एक सूक्ष्म वनस्पती मानले. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. त्याचे खरे स्वरूप कळायला पुढची चाळीस-पन्नास वर्षे लागली. १९१९ साली जर्मनीत क्लेबान यांनी, १९२२ साली कॅनडात हॅरिसन आणि केनेडी यांनी, आणि १९३१ साली हॉलंडमध्ये हेलेना पेटर यांनी खारवलेल्या माशावरचे हे लाल जीव वेगळे करून वाढवले. क्लेबान यांच्या प्रबंधाचे शीर्षकच मुळी खारवलेल्या माशाच्या ‘उपद्रवी जीवां’विषयी होते. त्यांचा लाल रंग कॅरोटिनॉइड गटातला, म्हणजे गाजराच्या रंगाच्या नात्यातला आहे, हेही याच काळात स्पष्ट झाले.

हे जीव मिठावाचून जगू शकत नाहीत. साध्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. यांना त्याच्या चार-पाच पट मीठ हवे. गोड्या पाण्यात टाकले तर बहुतेकांच्या पेशी फुटून जातात. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी सजीवांची नवी विभागणी मांडली. तिच्यामुळे पुढे हेही कळले की हे नेहमीचे जीवाणू नव्हेतच. ते आर्किया किंवा आदिजीवाणू या वेगळ्याच गटात पडतात. मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबात ते तग धरून राहतात. फार्लोंच्या काडीझच्या मिठाचे कोडे असे उलगडते.

मिठागरातला धडा

मिठागरावर काम करणाऱ्या माणसांना हा लाल रंग फार पूर्वीपासून माहीत होता. मीठ धरण्याच्या अगोदर कोंडीतले पाणी गुलाबी-तांबडे होते. तांबडे पाणी ऊन जास्त शोषते आणि लवकर आटते, त्यामुळे आगरात हा रंग उपद्रव नसून मदतच ठरतो. १८३८ साली फ्रान्समध्ये फेलिक्स ड्यूनाल यांनी भूमध्य समुद्राकाठच्या मिठागरांतील लालीचे कारण एक सूक्ष्म शैवाल असल्याचे दाखवले. १९०५ साली रुमानियाचे तेओदोरेस्को यांनी त्या शैवालाला ‘ड्यूनालिएला’ हे नाव दिले. मिठागराची लाली या शैवालाची आणि वर सांगितलेल्या आदिजीवाणूंची मिळून असते.

इथे आपल्या विषयाला कलाटणी मिळते, कारण या तांबड्या पाण्यात एक खाणारा प्राणीही असतो. आर्टेमिया हा नखाएवढा कवचधारी जीव अतिखाऱ्या पाण्यात राहतो आणि तिथले शैवाल व सूक्ष्मजीव गाळून खातो. मुंबईच्या वडाळा मिठागरात तो आढळल्याची नोंद १९५३ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी प्रसिद्ध केली. पुढे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झालेले हे शास्त्रज्ञ. आर्टेमियाची अंडी वाळवून डब्यात वर्षानुवर्षे ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की एक-दीड दिवसात फुटतात. त्याची नुकती जन्मलेली पिल्ले माशांच्या पिल्लांना उत्तम खाद्य म्हणून चालतात, हे १९३३ साली अमेरिकेत सील यांनी आणि १९३९ साली नॉर्वेत रोलेफ्सेन यांनी दाखवून दिले होते. आज जगभरातील कोळंबीची आणि सागरी माशांची बीजकेंद्रे या खाद्यावर उभी आहेत.

म्हणजे ग्लॉस्टरच्या व्यापाऱ्याला नकोसे असलेले लाल जीव निसर्गाच्या साखळीत कुणाचे तरी अन्न होतेच. तिथूनच रोहित पक्ष्याचा गुलाबी रंगही येतो. प्राणिसंग्रहालयात रंगद्रव्याविना खाद्य मिळालेले रोहित पक्षी पिसे गळून नवी आली की फिके पडतात.

निळी कोळंबी लाल का होते?

झिंग्याचा, खेकड्याचा आणि सामन माशाचा लाल रंग नेमका कोणत्या द्रव्याचा, हे १९३८ साली कळले. जर्मनीतील रिखार्ड कून आणि नॉर्वेचे निल्स सोरेन्सेन यांनी शेवंड्याच्या जातीतील लॉब्स्टरपासून ‘अ‍ॅस्टाझँथिन’ वेगळे करून त्याची ओळख पटवली. गाजरातील बीटा-कॅरोटिनच्या दोन्ही टोकांच्या कड्यांवर ऑक्सिजनयुक्त गट बसवले की अ‍ॅस्टाझँथिन होते. कागदावर बदल लहान दिसतो. पण तो करण्यासाठी लागणारी विकरे ज्या प्राण्याकडे नसतात, त्याला रंग आयताच मिळवावा लागतो.

जिवंत लॉब्स्टर निळा-काळा असतो आणि उकळल्यावर लाल होतो. त्याच्या कवचात अ‍ॅस्टाझँथिन एका प्रथिनाला चिकटलेले असते. या जोडीत ते सुमारे ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे नारिंगी-तांबडा प्रकाश शोषते, म्हणून कवच निळे दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि अ‍ॅस्टाझँथिन सुटे होते. सुटे अ‍ॅस्टाझँथिन ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश शोषते. कवच लाल दिसते. या प्रथिनाच्या एका भागाची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साह्याने २००२ साली उलगडली. रंग ‘चढत’ नाही, तो ‘सुटतो’, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग इथेच सांगतो. सुकट कुटून दोन परीक्षानळ्यांत थोडी थोडी घ्यावी. एकीत गोडेतेल आणि दुसरीत पाणी घालून दोन्ही नळ्या गरम पाण्याच्या भांड्यात वीस-पंचवीस मिनिटे उभ्या ठेवाव्यात. तेल हळूहळू केशरी होते, पाणी जवळपास तसेच राहते. कॅरोटिनॉइडे तेलात विरघळतात, पाण्यात नाहीत. त्यामुळेच माशाच्या खाद्यात तेलाचे प्रमाण कमी असले, तर दिलेला रंगही अंगी लागत नाही. (प्रयोगानंतर वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हे वेगळे सांगायला नको.)

सामनचे तांबडे मांस

१९७०च्या सुमारास नॉर्वेच्या किनाऱ्यावर पिंजऱ्यांत सामन वाढवण्यास सुरुवात झाली. जंगली सामन समुद्रात कवचधारी जीव खाऊन तांबूस होतो. पिंजऱ्यातल्या सामनला मासळीचा भुगा आणि धान्य मिळते, त्यामुळे त्याचे मांस फिकट राखी दिसते. चव फारशी वेगळी नसते, पण गिऱ्हाईक ते घेत नाही. सुरुवातीला कोळंबीची टरफले दळून खाद्यात मिसळली गेली. पण टरफलात रंगद्रव्य थोडे आणि चुना जास्त. पोट भरायचे आणि रंग यायचा नाही.

मग रसायनशास्त्र मदतीला आले. प्रथम ‘कँथाझँथिन’ वापरात आले. १९५०च्या सुमारास एका खाद्य भूछत्रात सापडलेले आणि पुढे कारखान्यात बनवलेले हे द्रव्य अ‍ॅस्टाझँथिनचे जवळचे भावंड आहे. पण १९८०च्या दशकात एक गोष्ट लक्षात आली. कातडीला ‘उन्हाळी’ रंग यावा म्हणून या द्रव्याच्या गोळ्या खाणाऱ्या काही माणसांच्या दृष्टिपटलावर त्याचे सूक्ष्म स्फटिक जमले होते. त्यांची मात्रा माशातून पोटात जाणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती. तरीही युरोपीय संघाने २००३ साली सामनच्या खाद्यातील कँथाझँथिनची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅमवरून २५ मिलिग्रॅमवर आणली. दरम्यान कृत्रिम अ‍ॅस्टाझँथिनही बाजारात आले होते, आणि मत्स्यखाद्यातील बहुतांश अ‍ॅस्टाझँथिन आजही कृत्रिमच असते.

कृत्रिम आणि नैसर्गिक यांत फरक तो काय? अणू तेच, जोडणी तीच. पण दोन टोकांवरचे गट डाव्या-उजव्या हातमोज्यांप्रमाणे दोन प्रकारे बसू शकतात. त्यामुळे अ‍ॅस्टाझँथिनची तीन रूपे होतात. कारखान्यातल्या मालात तिन्ही रूपे १:२:१ या प्रमाणात मिसळलेली असतात. जंगली सामनमध्ये मुख्यतः एकच रूप आढळते. मासा तिन्ही रूपे स्वीकारतो, रंगही तसाच येतो. ‘कृत्रिम म्हणून विषारी’ असा प्रचार कधीकधी कानावर येतो, त्याला आधार नाही. कृत्रिम मालावरचा खरा आक्षेप असा की तो खनिज तेलापासून मिळणाऱ्या कच्च्या मालावर आणि मोजक्या कंपन्यांवर अवलंबून आहे, आणि तो फक्त रंग देतो. सूक्ष्मजीवाची अख्खी पेशी खाद्यात घातली तर रंगाबरोबर प्रथिने, मेद आणि जीवनसत्त्वेही जातात.

पर्याय शोधणारे सर्वप्रथम समुद्राकडे वळले असतील, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. १९६०च्या दशकात हर्मन फाफ यांनी जपानमधील आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील झाडांच्या पाझरणाऱ्या रसातून एक गुलाबी यीस्ट मिळवले. १९७६ साली त्यात अ‍ॅस्टाझँथिन असल्याचे सिद्ध झाले आणि यीस्टला फाफ यांचेच नाव मिळाले, ‘फाफिया’. दुसरा उमेदवार ‘हिमॅटोकॉकस’ हे गोड्या पाण्याचे हिरवे शैवाल. डबके आटू लागले, ऊन तापले की ते स्वतःच्या बचावासाठी अ‍ॅस्टाझँथिन साठवून लालभडक होते. समुद्रातील जीवाणू १९९४ साली पुढे आला. जपानमध्ये योकोयामा आणि सहकाऱ्यांनी समुद्रातून मिळवलेल्या ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऑरँटियाकम’ या जीवाणूत अ‍ॅस्टाझँथिन दाखवले. पुढच्याच वर्षी मिसावा यांच्या गटाने त्याची रंग बनवणारी जनुके वेगळी केली. हा जीवाणू आता ‘पॅराकॉकस’ या प्रजातीत गणला जातो. याच प्रजातीतील, पण मातीतून मिळवलेल्या एका जीवाणूची वाळवलेली लाल पूड सामन आणि ट्राउटच्या खाद्यात वापरण्यास युरोपीय संघाने २००८ साली मान्यता दिली.

कोळंबीच्या तळ्यांतही हीच अडचण उभी राहिली. थायलंडमध्ये वाढवलेली टायगर कोळंबी निळसर पडत असे आणि उकळल्यावर पिवळट दिसे, त्यामुळे तिला भाव मिळेना. १९९३ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी खाद्यात किलोला ५० मिलिग्रॅम अ‍ॅस्टाझँथिन चार आठवडे देऊन तिचा नेहमीचा रंग परत आणला.

वऱ्हाडातला खारा धागा

आता वऱ्हाडाकडे परत येऊ. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात अचलपूर हे राजधानीचे मोठे शहर म्हणून येते. त्याच प्रकरणात लोणारच्या खाऱ्या तळ्याची आणि तिथे मिळणाऱ्या काच व साबण यांच्या कच्च्या मालाचीही नोंद आहे. अचलपूरपासून लोणार सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर. बसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेल्या या विवरातले पाणी केवळ खारे नाही, ते सोड्याचे आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असल्याच्या नोंदी अनेक वर्षांच्या आहेत.

जून २०२० मध्ये हे तळे गुलाबी झाले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले होते. पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकर संस्थेच्या तपासणीत कारण निघाले मिठात राहणारे आदिजीवाणू, म्हणजेच ग्लॉस्टरच्या लाल कॉडवरील जीवांचे नातेवाईक. पाऊस पडून पाणी पातळ झाल्यावर हे जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला.

मग लोणारच्या गुलाबी पाण्यातून माशांसाठी रंग काढता येईल का? हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि लाल दिसणारे सगळेच एक नसते हे लक्षात ठेवूनच त्याचे उत्तर द्यायला हवे. या आदिजीवाणूंचे मुख्य रंगद्रव्य ‘बॅक्टेरिओरुबेरिन’. अ‍ॅस्टाझँथिनमध्ये कार्बनचे ४० अणू असतात, यात ५०. मासा त्याचे अ‍ॅस्टाझँथिन करू शकतो असा पुरावा नाही. काही आदिजीवाणूंत थोडे अ‍ॅस्टाझँथिनही असल्याचे १९९५ साली स्पेनमधील संशोधकांनी दाखवले, पण ते अल्प प्रमाणात. या जीवांचा एक गुण मात्र खरोखर कामाचा आहे. गोड्या पाण्यात टाकताच त्यांची पेशी फुटते आणि आतला माल मोकळा होतो. हिमॅटोकॉकसची जाड भिंत फोडायला यंत्र लागते, तो खर्च इथे वाचतो. आर्टेमियाला खाऊ घालून त्याच्यामार्फत हे जीव माशांच्या पिल्लांपर्यंत पोचवता येतील का, यावर अलीकडे प्रयोग होत आहेत.

आमच्या मते लोणारचा खरा ठेवा त्याच्या गुलाबी रंगात नाही, हिरव्या रंगात आहे. या तळ्याचे पाणी वर्षानुवर्षे हिरवे दिसत आले ते मुख्यतः स्पिरुलिनामुळे. या नीलहरित जीवाणूत अ‍ॅस्टाझँथिन अजिबात नाही. पण बीटा-कॅरोटिन आणि झिअ‍ॅझँथिन भरपूर आहे. इथे प्राण्याचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. सामन हे काम करू शकत नाही. पण गोल्डफिश झिअ‍ॅझँथिनचे अ‍ॅस्टाझँथिन करतो, रंगीत कोई मासाही करतो, आणि कोळंबी तर बीटा-कॅरोटिनपासूनही ते करते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. टायगर कोळंबीचा रंग स्पिरुलिना दिल्याने सुधारतो, हेही १९९३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हिरवे खायला घालून लाल मिळवता येते!

त्यासाठी लोणारचे पाणी उपसण्याचे काहीच कारण नाही. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतले पाणथळ आहे, आणि तिथला सूक्ष्मजीव व्यापारासाठी न्यायचा तर २००२च्या जैवविविधता कायद्याची परवानगी लागते. स्पिरुलिना एकदा वेगळे करून घेतले, की खाण्याचा सोडा, नत्र-स्फुरदाचे क्षार, पाणी आणि ऊन एवढ्यावर उथळ टाक्यांत वाढते. वऱ्हाडात उन्हाची वाण कधीच नव्हती.

वाण गोड्या पाण्याची आहे. अचलपूर सोडून दर्यापूरच्या बाजूला उतरले की पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. १९व्या शतकात अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या गाळात खोल विहिरी खणून मीठ काढले जाई. भूवैज्ञानिक वाइन यांनी १८६९ साली या खोऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या पाण्याने कपाशी करपते, त्या पाण्यात कोळंबी जगू शकते, हे हरियाणातील खाऱ्या भूजलावर मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या लाहली केंद्राने दाखवले आहे. मात्र तिथले पाणी समुद्रासारखे नव्हते. त्यात पोटॅशियम कमी होते, आणि ते घातल्याशिवाय कोळंबी तगत नव्हती. खारपाणपट्ट्यातही विहिरीगणिक पाण्याची तपासणी ही पहिली पायरी राहील. शिवाय तळ्यातले खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात झिरपणार नाही याचीही सोय करावी लागेल. रंगाचा प्रश्न त्यानंतरचा.

आणि ज्यांच्या शेततळ्यात गोडे पाणी आहे आणि रोहू, कटला, मृगळ आहेत, त्यांनी रंगासाठी स्पिरुलिनावर पैसा घालू नये. हे मासे बाजारात रुपेरीच विकले जातात.